दीड तास की तीन तास

बाहेर धो धो पाऊस, म्हणून आज आईसोबत १९३८चा 'पिग्मॅलियन' आणि लगेच १९६४चा 'माय फेअर लेडी' असे दोन्ही सिनेमे लागोपाठ बघितले (गोष्ट एकच, फुलं विकणाऱ्या मुलीला उच्चभ्रू इंग्रजी बोलायला शिकवायची), डोळे पार चुरचुरतायत. जुना दीड तासात आटपतो, नवा गाणी नि टोप्या धरून जवळजवळ तीन तास. आणि उच्चार घोटवायला तिला म्हणायला लावतात ते स्पेनच्या पावसाचं वाक्य मला वाटायचं गाण्यासाठीच लिहिलंय, तर ते जुन्यातच आहे की! नव्यातली ऑड्री हेपबर्न गोडच, (गाणी बरीचशी गायिका मार्नी निक्सनच्या आवाजात), पण फुलं विकतानाही राजकन्याच वाटते. जुन्यातली वेंडी हिलर चहाच्या पार्टीत चेहरा अगदी सरळ ठेवून एकेक शब्द तोलून बोलते ना, हसताना माझा चहा सांडला. आई म्हणे, याच गोष्टीवरच्या 'ती फुलराणी' नाटकातल्या भक्ती बर्वेची सर कुणालाच नाही.