नेहरू सायन्स सेंटर, वरळी : सुट्टीत मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात भाचीला वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरच्या हॉबी कॅम्पला घातलं होतं आणि नंतर एक दिवस भाची आणि भाचा, दोन्ही पोरांना घेऊन सगळं सेंटर बघून आलो. आता दिवाळीची सुट्टी येतेय, ओळखीतले बरेच जण विचारतायत म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी पत्ता. टॅक्सीवाल्याला नुसतं 'नेहरू सेंटर' सांगाल तर तो तारांगणाला नेऊन सोडेल, ते वेगळं. आपल्याला ई. मोझेस रोडवरचं सायन्स सेंटर हवंय. आम्ही कल्याणहून, त्यामुळे दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडली, महालक्ष्मीला उतरून चालत गेलो, पोरं आरामात चालतात. मेट्रो ३ चं तर आता सायन्स सेंटर नावाचंच स्टेशन आहे.

कॅम्पबद्दल मनापासून सांगते, जमलं तर मुलांना घालाच. भाची घरी येऊन मोटार बनवायला बसली. एक सेल, दोन सेफ्टी पिना, रबरबँड, छोटं लोहचुंबक आणि वाइंडिंगची तार (वरून वीज न जाऊ देणारा पातळ थर असलेली तांब्याची तार), बस. तारेचं वेटोळं करायचं, एका टोकाचा थर पूर्ण खरवडायचा आणि दुसऱ्याचा फक्त अर्ध्या बाजूने. मी म्हटलं पूर्ण खरवड की, तर म्हणाली मावशी तसं केलं तर ते नुसतं थरथरतं, अर्ध्या फेरीनंतर चुंबक त्याला उलटं ढकलतं, म्हणून तेवढ्यापुरता करंट तुटायला हवा. आणि खरंच, हलकासा धक्का दिला तशी गरगर फिरायला लागली! सहावीतल्या पोरीला हे पुस्तकातून एवढं कळलं नसतं. फॉर्मची चौकशी मात्र सुट्टी लागायच्या आधीच करा, इयत्तेची अटही विचारून घ्या.

नुसतं बघायला जाणार असाल तर शक्यतो सोमवार ते शुक्रवार आणि सकाळी उघडल्या उघडल्या. पहिलं बाहेरचं सायन्स पार्क करा, कप्प्या, तरफा, वाजणारे पाईप, सगळं हात लावून करायचंय आणि बारानंतर ऊन्हात लोखंड तापतं. टोपी, पाण्याच्या बाटल्या घ्याच. तिथेच जुनी ट्राम आहे आणि एचएएलचं (हिंदुस्तान एरोनॉटिक्स, आपली सरकारी विमान कंपनी) मारुत विमान आहे, भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट, १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालं. बरेच लोक फोटो काढून पुढे जातात, थांबून पंख आणि इंजिनाची तोंडं नीट दाखवा मुलांना.

आतल्या गॅलऱ्या भरपूर आहेत, सगळ्या एका दिवसात उरकायच्या नादी लागू नका. भाचा आरशांपाशीच रमला तर आम्ही त्याला रमू दिलं, मागून चला चला केलं नाही, आणि तेच बरं झालं कारण उलटी प्रतिमा कधी सुलटी होते ते त्याने पुढे मागे सरकून स्वतःच शोधलं. थ्रीडी शो आणि मोठ्या गोलावर पृथ्वी दाखवतात तो सायन्स ऑन अ स्फिअर, यांच्या वेळा आणि तिकिटं खिडकीवरच विचारून घ्या आणि बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. गोलाचा शो चुकवू नका, वादळं कशी फिरतात ते पोरांना लगेच दिसतं.

तारांगणही त्याच दिवशी जोडायचं असेल तर सोमवार टाळा, ते बंद असतं. पण लहान मुलं असतील तर दोन्ही एका दिवसात नकोच, दमतात.