तीस मिलीचं माप

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. पोत्यांची वजनं वहीत उतरवायची, हेच दिवसभराचं काम. दोन वर्षांपूर्वी हमालांनी गंमत म्हणून मलाच काट्यावर चढवलं. १३८ किलो. ‘दिवाणजी, अडीच पोती भरली की!’ कुणीतरी ओरडलं. मीही हसलो. न हसून सांगतो कुणाला?

शुगर आटोक्यात नव्हती. रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा, मग बायको हलवून उठवायची. डाएट, काढे, पहाटेचं चालणं, सगळं करून झालं होतं. शेवटी मिरज गाठली. १८९४ मध्ये वॉनलेस साहेबांनी मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आमच्या भागात दुखणं म्हटलं की मिरजच.

मी गेलो त्या हॉस्पिटलात पहिली गाठ पडली ती डॉक्टरांशी नाही, कोऑर्डिनेटर ताईंशी. आतल्या खोलीत नेलं, दार लावलं, काट्यावर उभं केलं आणि म्हणाल्या, “काका, आकडा सांगू, की नुसता लिहून घेऊ?” सेहेचाळीस वर्षांत वजन करताना असं कुणी विचारलं नव्हतं. याआधी एका दवाखान्यात तर मापाचा गाऊन नाही म्हणून मला चादर गुंडाळून बाकड्यावर बसवलं होतं. इथे मावशींनी मोठा गाऊन आधीच काढून ठेवलेला.

वजन उतरवण्यासाठी जठराचं ऑपरेशन करायचं ठरलं. विम्याने पहिल्या फटक्यात नाही म्हटलं. वजन कमी करण्याचे उपचार पॉलिसीत बसत नाहीत, एवढंच उत्तर. मी गप्प बसलो असतो. ताई बसल्या नाहीत. त्यांनी पॉलिसीतलं एक पान काढून पेन्सिलीने खूण केली. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० किंवा त्याहून जास्त असेल, नाहीतर ३५ किंवा त्याहून जास्त असून सोबत आटोक्यात न येणारा मधुमेह किंवा गंभीर स्लीप ॲप्नियासारखा (झोपेत श्वास अडकण्याचा) आजार असेल, बाकीचे उपाय थकले असतील आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर हे ऑपरेशन वगळता येत नाही. विमा नियामकाचाच तसा नियम आहे. माझा बीएमआय ४७ च्या पुढे. झोपेच्या तपासणीचा रिपोर्ट आणि जुन्या डाएटचे कागद जोडून त्यांनी फाईल परत पाठवली, ती मंजूर झाली. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिले, पण स्वतःच्या पॉलिसीचं ते पान मी कधी उलटलं नव्हतं.

समुपदेशक मॅडमकडे जायला मात्र मी कां-कूं करत होतो. मला काय वेड लागलंय? त्यांनी सरळ विचारलं, “घरचे झोपल्यावर काय खाता?” खाता का, असं नाही. काय खाता! आमचं जैन घर. आई सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाही. मी दुकानातून यायचो नऊला. तिच्यासमोर जेवायला ओशाळल्यासारखं व्हायचं म्हणून दोन घास खायचो आणि ती झोपली की स्वयंपाकघरात शिरायचो. बायकोलाही हे धड माहीत नव्हतं. त्या दिवशी सांगून टाकलं.

ऑपरेशनआधी दोन आठवडे जवळजवळ पातळच खायचं होतं. यकृतातली चरबी उतरली की ते आकसतं, मग दुर्बिणीने काम करायला जागा मिळते. ऑपरेशन स्लीव्हचं, म्हणजे जठराचा तीनचतुर्थांशाहून जास्त भाग काढून एक अरुंद नळी ठेवायची. डॉक्टर दीड तासात मोकळे झाले. खरी मेहनत नंतरची, आणि ती बाकीच्यांनी करून घेतली.

त्याच संध्याकाळी सिस्टरनी उभं करून व्हरांड्यात चालवलं, पायात गुठळी होऊ नये म्हणून. फिजिओच्या पोराने तीन गोळ्यांचं यंत्र हातात दिलं. श्वास ओढून गोळ्या वर धरायच्या. पहिल्या दिवशी एकच उचलली, तर गड्याने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं, खोकल्याच्या औषधाबरोबर मिळतं तसल्या मापात. ३० मिली, तेही पंधरा मिनिटं पुरवायचं. मी तांब्याने पिणारा माणूस. एका दमात रिचवायला निघालो तर सिस्टरनी मनगट धरलं. “घोट नाही काका, ओठ ओले करा.” पहिला थेंब उतरताना छातीत कुठवर गेला ते कळत होतं. शुगरच्या गोळ्या तिथेच निम्म्यावर आल्या.

घरी आल्यावर डाएटिशियन मॅडमचा फोन दर दोन दिवसांनी. मुगाचं कढण, ताक, मग मऊ पनीर. आमच्याकडे अंडंही चालत नाही, तरी दिवसाला ६० ग्रॅम प्रोटीन भरायचं. संध्याकाळची प्रोटीन पावडर त्यांनी आठवरून साडेपाचला आणली. त्यामुळे मी आईबरोबर बसू लागलो.

पाचव्या आठवड्यात माती खाल्ली. म्हणजे भडंग! कुरमुरे ते, हलके असतात, काय होणार? गप्पा मारता मारता तीन मुठी आणि वर चहा. दहा मिनिटांत छातीत बोळा बसला, फेसाची उलटी झाली. फोनवर मी आधी ‘भाताने झालं’ म्हणून थाप मारली. मॅडम जरा थांबल्या. “काका, भाताने एवढा फेस येत नाही.” मग खरं सांगितलं. रागावल्या नाहीत. एक दिवस पुन्हा पातळावर ठेवलं, खाणं आणि पिणं यांत अर्धा तास ठेवायचा हे पुन्हा बजावलं, आणि म्हणाल्या, “दिवाणजी ना तुम्ही? मग खाण्याची रोजकीर्द लिहा.” लिहितोय. जमेला प्रोटीन, नावे बाजूला उलट्या. चौथ्या महिन्यात केस गळायला लागले, पण ते त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून धाबं दणाणलं नाही.

आता चौदा महिने झाले, वजन ९६. बी १२, लोह, कॅल्शियम कायमचं मागे लागलंय, रक्ताच्या तपासण्याही. ते तीस मिलीचं माप दुकानाच्या गल्ल्यात आहे.

गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तर ताईंनी एका नव्या पेशंटजवळ बसवलं. जतकडचे गृहस्थ, ऑपरेशन चार दिवसांवर. दुखतं का, किती दिवस पडून राहावं लागतं, हे विचारतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, “भडंग चालतं का हो नंतर?”