आमची वाटचाल : टेप, फिती आणि म्हशी

मी मूळचा मोजणीवाला. पुण्यात प्लॉटांची मोजणी करून नकाशे काढून द्यायचे, हा माझा धंदा. टोटल स्टेशन नावाचं मोजणीचं यंत्र, तिपाई, मदतीला एक पोरगा आणि सिंहगड रस्त्यावर दहा बाय बाराचं ऑफिस. डोंगरात पळायच्या वाटा आखून पोट भरता येतं असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

रविवारी मात्र आतकरवाडीतून सिंहगड चढायचो. पुण्यातल्या कितीतरी जणांना हे व्यसन आहे. वर पुणे दरवाजा गाठायचा, मडक्यातलं दही खायचं, खाली यायचं. त्यातले काही घड्याळ लावून चढायचे आणि उतरताना चक्क पळायचे. आधी मला ते वेडे वाटायचे, मग मीही त्यांच्यात गेलो. तिथेच ओळख झालेल्या एका आयोजकाने विचारलं, "तुम्ही मोजणी करता ना? आमच्या शर्यतीचा रूट मोजून द्या." जाहिरातीत २५ किलोमीटर छापलं होतं. मी दोनदा चालून मोजलं, साडेएकवीसच्या वर जाईना. तसं सांगितलं, तर म्हणाला, "सर, पंचवीसच लिहा, बॅनर छापून झालेत." मी कागदावर सही केली नाही. माझे पैसे अजून यायचेत. पण त्या शर्यतीत पळालेल्या चौघांना ही गोष्ट कळली, आणि ते ऑफिसात येऊन म्हणाले, आम्हाला सरावासाठी खरी मोजलेली वाट आखून द्या. तिथून सुरुवात झाली. त्याला आता दहाएक वर्षं झाली.

पहिल्या वर्षी मला वाटायचं, हे काम म्हणजे नुसती मोजणी. डोंगराने ती घमेंड लवकरच उतरवली. कड्याच्या पोटाशी गेलं की अर्धं आभाळ झाकतं, उपग्रहांचे संदेश कातळावर आपटून येतात आणि हातातलं जीपीएस घड्याळ तुम्हाला दरीत उभं असलेलं दाखवतं. नागमोडी वाटेवर ते ठरावीक अंतराने ठिपके टिपतं आणि सरळ रेषेने जोडतं, म्हणजे प्रत्येक वळणाचा कोपरा खाल्ला जातो. दोन मित्र एकाच वाटेने पळून येतात आणि खाली चहाच्या टपरीवर अंतरावरून भांडतात. दोघांचंही चुकलेलं असतं.

शिवाय नुसतं अंतर सांगून उपयोग काय? नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक ठोकताळा मांडला. त्याने मैलांत आणि फुटांत सांगितला होता, आपल्या मापात बोलायचं तर तासाला पाच किलोमीटर चाल धरा आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवा. हल्ली पळणारे दर १०० मीटर चढाचा एक किलोमीटर जादा धरतात. त्या हिशोबाने आतकरवाडीची वाट बघा. अंतर पावणेतीन किलोमीटर, चढ ६०० मीटरच्या आसपास, म्हणजे पायांच्या लेखी पावणेनऊ किलोमीटर. सपाटीवर दहा किलोमीटर सहज पळणारा माणूस अर्ध्या वाटेत गुडघ्यांवर हात टेकून का उभा राहतो, ते या आकड्यातून कळतं.

उतार या हिशोबात येत नाही, आणि सह्याद्रीत उतारच जास्त माणसं पाडतो. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला. त्या खडकाचं ट्रॅप हे नाव ज्या शब्दावरून आलं, त्याचा उत्तर युरोपातल्या भाषांत अर्थच जिना. कडा, मग सपाट पट्टा, परत कडा. सपाट पट्ट्यावर माणूस सुसाट सुटतो आणि पुढच्या पायरीला सुट्या मुरमाचा घसारा लागतो. कात्रजच्या जुन्या बोगद्यापासून सिंहगडापर्यंतच्या धारेवर दर टेकडीला हाच खेळ. तिथे कितीही भारी बूट घाला, अंग मागे टाकून टाचा रोवत उतरणाऱ्याचं ढुंगण आधी टेकतं. थोडं पुढे झुकून छोटी पावलं टाकणारा तरतो. हे पटायला प्रत्येकाला एकदा पडावं लागतं, मला तीनदा पडावं लागलं.

खरं शिक्षण झालं वेल्ह्याच्या बाजूला.

तोरणा १४०३ मीटरचा, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला. त्याच्या बुधला माचीवरून उतरून धारेधारेने राजगडाच्या संजीवनी माचीला जाता येतं. चालणाऱ्याला सहा-सात तास लागतात. ही वाट आखून विकायची, असं आमचं ठरलं. धंद्याच्या सवयीने मी सोबत तिपाई आणि टोटल स्टेशनची पिवळी पेटी घेऊन गेलो. अर्ध्या तासात खालची वस्ती भोवती जमली. पुढे एक मामा, हातात कोयता.

"साहेब, कुणाची जमीन मोजताय?"

मी सांगितलं, जमीन नाही, पळायची वाट मोजतोय.

"पळायची? कोण मागं लागलंय?"

सगळे हसले, पण कोयता काही खाली गेला नाही. त्यांचं बरोबरच होतं. पुण्याहून गाडी येते, पिवळी पेटी लागते आणि वर्षभरात कुंपण पडतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. मी पेटी बंद करून गाडीत टाकली, ती त्या डोंगरात पुन्हा कधी नेली नाही. मग मामा बरोबर चालू लागले आणि तासाभरात त्यांनी माझा नकाशा खोटा ठरवला. "ही वाट पाऊसकाळात इथनं नसती. आवणी झाली की बांधावरनं फिरून जायाचं. भात काढलं की खाचरातनं सरळ. आन् ती नाळ मिरगापस्तोर वाट, त्येच्या फुडं ओढा." नाळ म्हणजे डोंगरातली अरुंद घळ. दसऱ्याच्या सुमाराला गवत डोक्याएवढं होतं आणि वाट बुजते, तेव्हा ढोरवाटा जास्त मळलेल्या दिसतात. म्हणजे एका वाटेच्या निदान चार वाटा. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक नकाशावर अंतर आणि चढ यांच्याआधी महिना लिहिलेला असतो. पुण्यातला एक गिऱ्हाईक म्हणाला होता, "वाट तर आधीपासूनच होती, तुम्ही काय केलंत?" काहीच नाही हो, फक्त मामांना विचारलं. मामा आता आमच्याकडे प्रत्येक नकाशामागे पैसे घेतात आणि माझ्यापेक्षा कडक भाव करतात.

पहिल्या मोठ्या शर्यतीला आम्ही वाटेवर खुणा म्हणून लाल-पांढऱ्या प्लास्टिकच्या फिती बांधल्या, कारवीला, घाणेरीला, जिथे जमेल तिथे. शर्यत झाल्यावर गोळाही केल्या. सगळ्या केल्या, असा समज होता. महिन्याभराने त्याच वाडीतून जाताना एका मावशींनी अडवलं. आत गेल्या, गोठ्याच्या कुडात खोचलेली एक पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली. पिळवटलेली, हिरवट झालेली, तरी लाल पट्टे ओळखू येत होते. "म्हशीच्या शेणात निघाली. आतमंदी अजून किती हायेत, ठावं न्हाय." मी खिशात हात घातला, तर म्हणाल्या, "पैसं नकोत. म्हस आजारी पडली तर तिला काय पैसं चारू?" त्या म्हशीला काही झालं नाही, पण पुढचे पंधरा दिवस मी एक दिवसाआड त्यांना फोन करत होतो.

आता फिती सुती कापडाच्या. शिंप्याकडच्या चिंध्या आणून रंगवतो आणि प्रत्येकीवर नंबर घालतो. शेवटच्या धावपटूच्या मागून आमची दोन पोरं चालत येतात आणि फिती सोडत आणतात. संध्याकाळी वहीत मोजणी होते, बांधल्या इतक्या, आल्या इतक्या. एक जरी कमी भरली तरी दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत वर जातं. फाट्यावर चुन्याचा बाण काढतो, एका पावसात जातो तो. गडावर मात्र ना रंग, ना खिळा, ना चुना. आणि चुकीची वाट बंद कशी करायची, तेही वाडीतूनच शिकलो, तोडलेली कारवी आडवी टाकायची. धनगर तेच करतात. फितीपेक्षा ती खूण माणसाला लवकर कळते.

ही अक्कल येण्याआधी आमचा एक गडी हरवला होता. तोरणा-राजगड धारेवरचा सरावाचा दिवस होता, आम्ही निघालो उशिरा. मागे राहिलेला एकजण अंधार पडताना ढोरवाटेने पाण्याकडे उतरला आणि त्याच्या डोक्यावरच्या दिव्याने मान टाकली. फोनला रेंज नाही. आम्ही चौघं हाका मारत फिरत होतो. रात्री नऊला एका धनगरवाड्यात सापडला, चुलीपाशी बसून कोरा चहा पीत. आमच्या जिवात जीव आला, पण त्या घरच्या म्हाताऱ्या बाबांनी आम्हालाच झापलं, "ह्याला यकट्याला सोडलाच कसा?" उत्तर नव्हतं. अंधार पडेपर्यंत माणसं कुठल्या गावात पोचायला हवीत, ते आता आधी ठरतं आणि त्यावरून मागे मोजत सकाळची वेळ निघते. त्यासाठी पहाटे तीनला उठावं लागलं की सगळे मला शिव्या घालतात. घालोत.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शर्यती बंद. सात-आठ महिने पुन्हा प्लॉट मोजले. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

२२ मे २०२१ ला चीनमधल्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत गारा, गोठवणारा पाऊस आणि सोसाट्याचा वारा आला. २१ धावपटू गारठून दगावले. बातमी वाचून बरेचजण म्हणाले, आपल्याकडे कुठली आलीये एवढी थंडी. मी जुलैत राजगडावर भिजल्या टीशर्टात दात वाजवत बसलेली धडधाकट माणसं पाहिली आहेत. पळताना अंग तापलेलं असतं, पाय मुरगळून थांबलं की दहा मिनिटांत वारा सगळी ऊब काढून घेतो. त्या बातमीनंतर वाराबंद जॅकेट, शिट्टी, दिवा आणि घडी करून मुठीत मावणारी चंदेरी चादर या चार वस्तू दाखवल्याशिवाय आम्ही कुणाला सोडत नाही. यावरून तीन-चार गिऱ्हाइकं तुटली.

फेब्रुवारीनंतरचा त्रास उलटा. ऊन मी म्हणतं आणि लोक घटाघटा नुसतं पाणी पितात. घामातून मीठ गेलेलं असतं, वरून पाणी ओतलं की रक्तातलं सोडियम आणखी उतरतं. डोकं दुखणं, उलटी, बोलण्यात गोंधळ. दिसायला उन्हाचा झटका, आणि मदतीला आलेला माणूस आणखी पाणी पाजतो. आमच्या थांब्यावर म्हणून पाण्याच्या आधी मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि ताक पुढे येतं. त्याच दिवसांत कड्यांना आग्या मोहोळं असतात, त्यामुळे अत्तर, धूर, ड्रोन या तिन्हींना बंदी. ड्रोनवाल्यांशी आमचं दरवर्षी वाजतं.

जुलै २०२५ मध्ये राजगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. आता परवानग्यांचे कागद आणखी वाढतील, असं धरून आम्ही कमान, पाण्याची टेबलं, माइक सगळं राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यात खाली आणलं आहे. वर फक्त माणसं जातात, एका वेळी थोडी. फोटोत किल्ला येत नाही अशी एका प्रायोजकाची तक्रार होती. त्यांना पायथ्यावरून संजीवनी माची कुठून दिसते ते दाखवलं. फारसे खूश झाले नाहीत.

ऑफिस अजून तेच आहे, दहा बाय बाराचं. माणसं तीन, आणि हंगामात वाड्यांतली वीसएक पोरं. टोटल स्टेशनवर कापड टाकलंय. हा मजकूर लिहीत असतानाच मामांचा फोन आला. बुधल्याच्या खालच्या नाळेत परवाच्या पावसात मोठा धोंडा खाली आलाय, ढोरं वरच्या अंगानं फिरून जायला लागलीत. मी म्हटलं, उद्या येतो. ते म्हणाले, "उद्या नको, मंगळवारी ये. तवर ढोरांनी वाट पाडलेली आसंल."