सर्दीची गोळी आणि प्रोस्टेट

प्रोस्टेटचं, म्हणजे मूत्राशयाखालची ग्रंथी वाढल्याचं, दुखणं बरेच दिवस आटोक्यात होतं. काल नाक चोंदलं म्हणून सर्दीची नेहमीची गोळी घेतली आणि आज पहाटे लघवीची धारच सुरू होईना. ओटीपोट तटतटलेलं आणि पडतायत नुसते थेंब. जाम घाबरलो.

डॉक्टरांनी गोळ्यांचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरातली दोन नावं दाखवली, फिनाइलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. पहिलं नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, तसेच मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले स्नायूही आवळतं. रोज रात्री मी जी टॅमसुलोसिन घेतो, ती हेच स्नायू सैल करते! दुसऱ्या औषधाने मूत्राशयाचा जोर कमी होतो. म्हणजे दोन्हीकडून कोंडी.

ग्रंथी काही एका रात्रीत वाढत नाही, पण स्नायूंचा ताण सारखा बदलत असतो. म्हणून तर कडाक्याच्या थंडीत त्रास बळावतो. बद्धकोष्ठ झालं, एसटीत तासन्‌तास लघवी दाबून धरली, संध्याकाळी उशिरा चहा झाला, लग्नात कुणी पेग हातात दिला, की पुन्हा तेच.

माझ्या वयाच्या मित्रांनो, सर्दीचं औषध घेताना प्रोस्टेटचं दुखणं आहे हे मेडिकलवाल्याला आधी सांगा. लाजू नका हो. आणि लघवी पूर्ण अडली, ओटीपोट दुखायला लागलं, तर सकाळची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. तिथे नळी घालून मूत्राशय मोकळं करतात.