मामाचं दुखणं, भाच्याचं दुखणं

बाळ पाच महिन्यांचं, वजन चार किलोही नाही. जन्मानंतर तिसऱ्या आठवड्यापासून रक्त-आवेची शी, गुदद्वाराशी दोन भगंदरं. दुधाची ॲलर्जी समजून वेगळी पावडर देऊन झाली, स्टिरॉइडही झालं. उतार नव्हता. मी पुण्यात जेनेटिक कौन्सेलर आहे. त्या मंगळवारी त्याच्या जनुक-तपासणीचा रिपोर्ट माझ्यासमोर होता.

सांगलीकडचे चौघं आले. आई, वडील, आजी आणि मामा. मामा दारातच थांबला. साखर कारखान्यात नोकरी, सहा वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण. "मामाचंच दुखणं उतरलंय पोरात," आजी म्हणाल्या. सून मान खाली घालून बसली होती. ती त्यांना आत्या म्हणत होती, कारण सासू तिच्या वडिलांची सख्खी बहीण.

मी मामाला आत बोलावून बसवलं आणि आधी त्याच्याशीच बोलले. मोठ्यांच्या कोलायटिसमागे किंवा क्रोन्स या आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारामागे सहसा कुठलं एकच जनुक नसतं. दोनशेहून अधिक ठिकाणचे बारीक बदल सापडलेत, एकेकाचा भार अगदी थोडा. कोलायटिसमध्ये एचएलए भागाचा, म्हणजे शरीराला आपलं-परकं ओळखायला मदत करणाऱ्या जनुकांचा, वाटा मोठा. लहान आतड्याच्या क्रोन्समध्ये युरोपीय लोकांत नॉड२ या जनुकाचा. (२००१ साली गाजलेले त्याचे तीन बदल आपल्याकडे क्वचितच दिसतात, त्यामुळे तिकडचं सगळं गणित इकडे लागू पडत नाही.) शिवाय आतड्यातले जिवाणू, खाणं, राहणीमान यांचाही हात असतो.

बाळाचं तसं नव्हतं. आयएल-१० हा शरीरातला 'आता थांबा' असा निरोप; तो ऐकणारा पेशीवरचा कान, म्हणजे रिसेप्टर, घडवणाऱ्या एका जनुकाच्या दोन्ही प्रतींत तोच बिघाड. "कारखान्यात पाळी सुटल्याचा भोंगा वाजतो ना?" मी मामाला विचारलं. "आयएल-१० म्हणजे तो भोंगा. याच्या रोगप्रतिकारक पेशींना तो ऐकूच येत नाही, म्हणून त्या आतड्यात लढतच राहतात." असे रुग्ण २००९ साली पहिल्यांदा ओळखले गेले. या पेशी अस्थिमज्जेतून येतात, म्हणून खरा उपाय मज्जा बदलण्याचा. चार वर्षांच्या ताईचं रक्त जुळतं का, ते पाहायला नमुना पाठवला होता.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" मामाने दोनदा विचारलं. नाही, मी म्हणाले. बहिणीसारखी एक बिघडलेली प्रत त्याच्याकडेही असू शकते, पण एका प्रतीने आजार होत नाही, आणि त्याच्या कोलायटिसचा तिच्याशी संबंध नाही.

मग कागदावर वंशावळ काढली. पुढचं वाक्य मला जड गेलं. बिघडलेली एक प्रत सुनेकडे तिच्या वडिलांकडून आली असणार, आणि तिच्या नवऱ्याकडे आजींकडून. त्या बहीणभावाला ती आईकडून किंवा वडिलांकडून मिळाली. चूक कुणाचीच नाही, पण या जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका आहे.

आजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग भाचीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, धाकट्यासाठी मी हिच्याच धाकट्या बहिणीला मागितलंय. दिवाळीनंतर लग्न आहे. त्या दोघांचं रक्त तपासता येईल?"

येईल, मी म्हणाले. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला आणि धाकट्याचा नंबर लावून द्यायला मामाच्याच हातात दिला.