तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा वेळ कुठून काढता?

यंदा हा प्रश्न मला ठाण्यात नौपाड्यातल्या शेजारणींनी विचारला, लोकलच्या लेडीज डब्यात विचारला गेला, आणि डिसेंबरात प्रदर्शन लावलं तेव्हा तर येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तोच. "एवढा वेळ कुठून काढता हो?" प्रश्न रास्त आहे. सकाळी मी आसपासच्या सोसायट्यांचे हिशेब लिहिते, घरात सासूबाई आहेत, आणि तरी वर्षभरात लोकरीचे भिंतीवर लावायचे पट झाले, निळीत रंगवलेलं सुती काम झालं, जुन्या साड्यांच्या गोधड्या झाल्या, घायपाताच्या दोरीला गाठी मारून केलेली दोन-चार वेडीवाकडी शिल्पंही झाली.

उत्तर असं, की मी वेळ काढत नाही. हिशेब लिहिणारी बाई आहे म्हणून हिशेबाच्याच भाषेत सांगते: माझ्या खात्यावर जे तास जमा दिसतात, त्यातले बरेचसे दुसऱ्यांनी भरलेले आहेत.

लोकरीचंच घ्या. माझ्या पटांची लोकर दख्खनी मेंढीची. काळी, करडी, सूर्याने जरा तांबूस पडलेली, आणि अंगाला टोचणारी. स्वेटरला नाही चालायची, घोंगडीला मात्र हिच्यासारखी दुसरी नाही. फलटणकडचे धनगर दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरतात, उन्हाळाभर कोकणात शेतांमध्ये मेंढ्या बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य-पैसा घेतात आणि पावसाच्या आत पुन्हा देशावर जातात. कोकणचा पाऊस मेंढीला सोसत नाही, खूर सडतात. त्यांच्यातल्या एक मावशी आणि त्यांच्या जावा पावसाळ्यात गावी असताना माझ्यासाठी लोकरीचं सूत काततात. ते सूत कळपाबरोबर खाली येतं आणि मी पालीच्या बाजूला जाऊन घेऊन येते. म्हणजे जानेवारीत मी मागावर जो ताणा, म्हणजे उभे धागे, लावला, तो आदल्या पावसाळ्यात कुणीतरी ओसरीवर बसून कातलेला होता. कातायला विणण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो. पूर्वीपासूनच एका विणकराचा माग चालता ठेवायला अनेक कातणाऱ्या लागत आल्या आहेत. मी महिनाभरात पट विणला म्हणून लोक तोंडात बोट घालतात. त्या महिन्याच्या मागे मावशींचा आख्खा पावसाळा उभा आहे, तो कुणाला दिसत नाही.

आणि ही लोकर मिळते आहे तोवर मिळते आहे. कातरणाऱ्याची मजुरीही सुटत नाही म्हणून कितीतरी जण लोकर टाकून देतात. काहींनी तर मटणासाठी माडग्याळ जातीच्या मेंढ्या धरल्या, ज्यांच्या अंगावर लोकर जवळजवळ नसतेच. गंमत अशी, की ज्या ठाण्यात १९२५ साली रेमंडची लोकरीची गिरणी निघाली, त्याच ठाण्यातून मला मूठभर लोकरीसाठी पालीपर्यंत जावं लागतं. गिरणीच्या जागेवर आता टॉवर आहेत. तिथल्या एका घरात माझा पट लागला आहे, एवढंच काय ते लोकरीचं पुनरागमन.

दुसरा मोठा भरणा हवेचा. हे मी अगदी व्यवहार म्हणून सांगते आहे. ठाण्यात राहून वर्षाची आखणी आपण करतो असं ज्याला वाटतं, त्याने एकदा जुलैत लोकर धुवून वाळत घालून बघावी. लोकर हवेतला ओलावा स्वतःच्या वजनाच्या तीसेक टक्क्यांपर्यंत पिऊन टाकते आणि तरी हाताला कोरडी लागते. आपण फसतो, बुरशी फसत नाही. म्हणून मेच्या अखेरीला सगळी लोकर बांधून वर, आणि पावसाळाभर फक्त कापसाचं सूत.

पण मे महिना निळीचा. (धुतलेल्या कपड्यांना घालतात ती नव्हे, झाडाची.) नीळ नुसत्या पाण्यात विरघळत नाही. चुना आणि गूळ घालून तिच्यातला प्राणवायू काढून घ्यावा लागतो, तेव्हा ती पाण्यात उतरते आणि ड्रममधलं पाणी हिरवट-पिवळं दिसायला लागतं. कापड बुचकळून वर काढलं की तेही हिरवंच असतं; हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होत जातं. या सगळ्याला ऊब लागते. थंड प्रदेशात लोक ड्रम गरम ठेवायला काय काय खटपटी करतात. आमच्या गच्चीवर मेमध्ये ड्रम झाकून ठेवला की काम आपोआप होतं. गडद रंग एका बुडवणीत येत नाही. बुडवायचं, वारा द्यायचा, पुन्हा बुडवायचं, आणि मध्ये ड्रमलाही विश्रांती द्यायची. त्या विश्रांतीत मी दोन सोसायट्यांचे ताळेबंद संपवले. तुम्ही ज्याला वेळ काढणं म्हणता ते हे: रंग मुरत असताना मी दुसरं काहीतरी करत असते. आमच्या वॉचमनदादांनी मात्र पहिल्या दिवशी ड्रममध्ये डोकावून "काकू, सोसायटीची परवानगी आहे ना?" असं विचारलं होतं. परवानगी होती. सोसायटीचे हिशेब मीच लिहिते.

पावसाळ्यात सूत का, तर सुती धागा ओलाव्याने बळकट होतो. लोकरीचं नेमकं उलटं. दमट हवेत कापूस कातताना धागा कमी तुटतो. १८५० च्या दशकापासून मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहत गेल्या, त्यात बंदर आणि भांडवल तर होतंच, पण या घामट हवेचाही हात होता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत माझी टकळी पर्समध्ये असते. कातायच्या कापसाचे पेळूही. ठाण्याहून दादरला जाता-येता बसायला मिळालं तर बरीच लांबी निघते. शेजारची बाई मटार सोलत असते, समोरची क्रोशा करत असते, कुणी कुणाला वेळ कुठून काढतेस म्हणून विचारत नाही. क्रोशावरून आठवलं: "मशिनवर का नाही करून घेत?" हाही प्रश्न येतो. खरा क्रोशा मशिनला अजून जमत नाही. बाजारात मशिनवरचं म्हणून मिळतं ते दिसायला तसं असतं, टाका वेगळा असतो.

मशिनच्याच प्रश्नाला मी मृणालिनी मुखर्जींचे फोटो दाखवते. १९४९ साली मुंबईत जन्मलेल्या या बाईंनी वर्षानुवर्षं नुसत्या तागाच्या दोऱ्यांना गाठी मारून माणसापेक्षा उंच शिल्पं केली. कागदावर आधी आराखडाही काढायच्या नाहीत. २०१५ मध्ये त्या गेल्या आणि २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. माझी घायपाताची कामं त्यांच्या पायाशीही ठेवायच्या लायकीची नाहीत, पण दोरीला घाई कळत नाही हे मात्र तेवढ्यावरूनही समजलं.

गोधड्यांबद्दल प्रदर्शनात सगळ्यात जास्त कौतुक झालं, आणि त्यात माझा वाटा सगळ्यात कमी. साड्या निवडल्या मी, थर रचले मी. धावदोरा बहुतेक सासूबाईंचा. त्या ऐंशीच्या घरात आहेत, दिसतं कमी, बोटांनी चाचपत टाका घालतात. त्यामुळे ओळी सरळ जात नाहीत, जिथे साडीची जुनी शिवण लागते तिथे वळसा घेतात. कलेची जाण असलेल्या एका गृहस्थांनी या वळणांमागचा माझा विचार विचारला. मी सासूबाईंकडे बोट दाखवलं. त्या म्हणाल्या, "तिथं सुई जाईना."

दसऱ्यानंतरचा आठवडा दगदगीचा. जांभळी नाक्यावर सकाळी जो झेंडू भाव खातो, तो दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पडलेला असतो. बिल्डिंगमधल्या मुलांनी घराघरांतून तोरणं गोळा करून दिली. लोकरीला आधी तुरटी, शंभर ग्रॅमला पंधरा ग्रॅमच्या आसपास, मग फुलांचा काढा. सोनेरी पिवळा येतो. गंजक्या खिळ्यांचं पाणी थोडं घातलं की शेवाळी. सुताला तुरटीआधी हिरडा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. आठवडाभर स्वयंपाकघरात वरणाचा वास नव्हता, झेंडूचा होता, आणि घरच्यांनी तो सहन केला. तेही तास त्यांच्या नावावर टाका.

म्हणून यंदा प्रदर्शनात प्रत्येक पटाखाली मी किमतीची फोड लावली. लोकर आणि कातणं इतके, रंगाचं सामान इतकं, शेवटी विणकाम इतकं. एका गृहस्थांना मोठा काळा पट आवडला. "ताई, थोडं कमी करा की." मी म्हटलं, यातली फक्त शेवटची ओळ माझी आहे, घासाघीस तिच्यापुरती करू. त्यांनी फोड पुन्हा वाचली, बायकोला फोन लावला, दिवाणखान्याच्या भिंतीचं माप विचारलं आणि लहान पट घेतला, लावलेल्या किमतीला. मोठा अजून माझ्याकडे आहे. मेपर्यंत गेला नाही तर कडुनिंबाचा पाला घालून बासनात बांधून ठेवावा लागेल, तेव्हा कुणाकडे उत्तरेकडची मोठी भिंत असेल तर कळवा.