अंकल म्हणजे मूळचा मामा

"अंकल, बॉल द्या ना!" भर दुपारी खालून हाक येते आणि गॅलरीतले गृहस्थ चेंडू खाली टाकतात. ना काका, ना मामा, सरसकट अंकल. लॅटिनच्या हिशेबाने मात्र पोरांनी त्यांना चक्क मामा बनवलेलं असतं.

अंकलचा खापरपणजोबा 'अवुन्कुलुस', म्हणजे फक्त आईचा भाऊ. 'अवुस' म्हणजे आजोबा, त्याचं हे लाडिक रूप: धाकले आजोबा. फ्रेंचांच्या तोंडी घासून त्याचा 'ओंक्ल' झाला, इंग्रजीत 'अंकल'. पुढचा 'अव' गळाला. तो शाबूत राहिला 'अव्हंक्युलर' या इंग्रजी विशेषणात, म्हणजे मामासारखा, प्रेमळ वडीलधारा. उच्चारताना जोर 'व्हं'वर. शेवटी 'अल' न येता 'अर' का? आधी 'ल' असला की लॅटिन 'आलिस' या प्रत्ययाचा 'आरिस' करते. म्हणून पॅटर्नल, पण पॉप्युलर.

रोमनांची नात्यांची वाटणी आपल्यासारखीच चोख. मावशी 'मातेर्तेरा', आत्या 'आमिता'. आंट आली ती आमितापासून, म्हणजे आंटी मूळची आत्या! कझिनही मूळचा मावसभाऊ. काका 'पात्रुउस', आपल्या 'पितृव्या'चा भाऊबंद. त्याच्या वाट्याला मात्र असं गोड विशेषण आलं नाही. रोमन काका खाष्ट म्हणून बदनाम. रोमन कवी होरेसच्या एका कवितेत पोरी काकाच्या जिभेच्या फटक्यांना घाबरतात. ३० ऑगस्ट १७७३च्या 'काका, मला वाचवा'नंतर आपण त्यावर काय बोलणार!

अव्हंक्युलर वापरायचं ते नात्यापेक्षा वागण्यासाठी. आवाज, हसू, सल्ला, पाठीवरची थाप यांना ते शोभतं. अमेरिकन टीव्हीवर बातम्या देणारे वॉल्टर क्रॉन्काइट लोकांचे 'अंकल वॉल्टर' होते, त्यांना हे विशेषण हमखास लागायचं. बोलणारा वडील आणि ऐकणारा लहान हवा. बरोबरीच्या माणसाला लावलं, की 'फार शहाणपणा शिकवतो' असा वास येतो. जुन्या इंग्रजी बोलीत तर घड्याळ 'अंकलकडे' आहे म्हणजे सावकाराकडे गहाण पडलंय. फ्रेंच लोक त्यासाठी आत्या-मावशीकडे जात.

मराठीत काय म्हणावं? 'वडीलकीचा' जवळ जातो, पण त्यात धाक आहे. 'मामासारखा' म्हणावं तर चौकातला शिट्टीवाला मामा आडवा येतो, आणि त्याच्यामागे फासे खुळखुळवत शकुनी.